इंगळेकाका आणि गराडूचे दात

इंगळेकाकांनी घरात पाय ठेवला की आमचं घर चालायला लागायचं. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनी, बाल्कनीतून परत हॉल. चहा उभ्यानं, बिस्कीट चालता चालता. बोलता बोलता स्विचबोर्ड दाबून बघणार, लोंबणारी केबल खिळ्याला अडकवणार, आणि "मॅडमजी, हा प्लग ढिला आहे, किसी दिन ठिणगी पडेल," असं बजावून पुढच्या खोलीत. मी सांगलीची. आमच्याकडे आलेल्या माणसाला बसा म्हटलं की तो बसतो. हा माणूस काही केल्या बसायचा नाही. पहिल्या आठवड्यात माझं डोकं पार उठलं होतं.

टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी सगळी नोकरी इंदूरच्या गल्ल्यांत काढलेली. वडील महूला फौजेत होते. काकू गेल्यापासून ते जुनी इंदूर नावाच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे आणि लोकांच्या घरची कुत्र्यांची चावरी पिल्लं ताळ्यावर आणायला गावभर पायी फिरायचे. त्याच एका कामावर त्यांचा जीव होता, आणि तेच धोक्यात आलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. हलणाऱ्या हातावर पिल्लू झडप घालतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! भोपाळला बँकेत असलेल्या त्यांच्या मुलीने, वैशालीने, बजावून ठेवलं होतं, "बाबा, आता एकदा जरी कुत्रं चावलं ना, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. आणि माझ्या घरात कुत्रं येणार नाही." म्हणून तो हात कायम पँटच्या खिशात. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला दिसायचा तो खिशात हात घालून ऐटीत फिरणारा एक म्हातारा.

आमच्याकडे तेव्हा गराडू आला होता. गराडू म्हणजे खरं तर इथला थंडीतला कंद. तळून, वर मसाला मारून, लिंबू पिळून खातात. पिल्लाचा रंग अगदी तसाच खरपूस, म्हणून ओवीने, माझ्या सात वर्षांच्या लेकीने, ते नाव ठेवलं. नाव खाण्याचं, पण खायचं काम तोच करायचा. ओवीचे दोन फ्रॉक, नवऱ्याचे मोजे, माझी चप्पल, सोफ्याचा कोपरा. आणि हात! ओवीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? शरमेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तुकोगंजमधल्या आमच्या बिल्डिंगीत सल्ल्यांना तोटा नव्हता. नाकावर टिचकी मारा. तोंड दाबून धरा. हाताला कारल्याचा रस लावा. मी कंपनीत औषधांची तपासणी करते, तेव्हा प्रयोग नीट केला. ताजी कारली किसून, पिळून, गाळून रस हाताला चोपडला. गराडूने तो चाटून पुसून घेतला आणि आणखी आहे का म्हणून माझं मनगट चावलं. टिचकी मारली तर त्याला वाटलं, वा, बाई खेळायला लागल्या! ओवी ओरडत पळायची, तो भुंकत मागे, मी दोघांच्या मागे. रोज संध्याकाळी हाच तमाशा.

एकदा खाली कंपाउंडमध्ये त्याने माझी ओढणी दातात धरली. मी ओढतेय, तो ओढतोय, मी शिव्या देतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांकडे आलेले इंगळेकाका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणजे उभे नाही, येरझाऱ्या घालत.

"मॅडमजी, कोण जिंकतंय?"

मी एवढी भडकले! म्हटलं, "तुम्हाला गंमत वाटतेय?"

"मला नाही, त्याला वाटतेय. तुम्ही ओढता म्हणून तो ओढतो. तुमच्या हिशेबानं तुम्ही रागावताय, त्याच्या हिशेबानं तुम्ही खेळताय. छोडो. हात ढिला सोडा आणि खांब व्हा."

"काय व्हा?"

"खांब. टेलिफोनचा असतो ना, तसा."

"कुत्री खांबाला काय करतात ते ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

ते एवढ्या जोरात हसले की वॉचमन बाहेर आला. पण मी थांबले. हात सैल सोडून, नजर दुसरीकडे करून उभी राहिले. गराडूने दोन झटके दिले, माझ्याकडे बघितलं, ओढणी तोंडातून गळाली. लगेच काकांनी डाव्या खिशातून जुन्या जीन्सच्या पट्ट्यांची गाठी मारलेली वेणी काढून जमिनीवर सरपटत सोडली. गराडू तिच्यावर तुटून पडला. "हे चाव रे राजा," काका म्हणाले, "हे तुझं. मॅडमजी तुझ्या नाहीत." त्या दिवसापासून ते आमच्याकडे यायला लागले. काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, "चाय. कडक."

खांबाची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली, अर्थात फेऱ्या मारता मारता. नोकरीत त्यांना सात वेळा कुत्रं चावलं आणि सातही वेळा ते पळाले होते. आठव्या वेळी खांद्यावर शिडी होती. "पळणार कुठे? शिडीसकट भिंतीला अडकलो. म्हटलं चाव बाबा, जे व्हायचं ते होईल. कुत्रं आलं, पोटरी हुंगली आणि चाललं गेलं. बस, उस दिन अपन शिकलो. हलणारी चीज त्याची, थांबलेली चीज कुणाचीच नाही." ओवीला हे फार पटलं. ती शाळेतसुद्धा खांब व्हायला लागली. मुलं ढकलायला आली की ही आपली ताठ उभी. बाईंनी मला पुन्हा बोलावलं.

पिल्लाला ते कधी चावरं म्हणायचे नाहीत. "त्याला हात नाहीत, तर तोंडानंच बघणार ना सगळं? वरून दात येतायत, हिरड्या सळसळतायत. तुमच्या पोरीचे दात येत होते तेव्हा तिनं तुम्हाला सोडलं होतं का?" ओला करून फ्रीजरमध्ये गोठवलेला फडक्याचा पिळा त्याला चघळायला देणं त्यांचंच. गराडू तो दोन पायांत धरून असा काही चोखायचा की बघत राहावं. त्यानं हात सोडला की लगेच शाबासकी, आणि दात लागले की सगळ्यांनी दहा आकडे मोजेपर्यंत खांब. त्यात सूट नाही. नवऱ्याने एकदा लाडात येऊन बोटं चावू दिली, तर काका म्हणाले, "साहेब, तुम्ही हो म्हणता, मॅडमजी नाही म्हणतात, तो बिचारा कुणाचं ऐकणार? पहले तुमचं लग्न नीट करा, मग पिल्लू बघू." नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला मात्र त्या दिवशी काकांना दोन चहा पाजावेसे वाटले.

एक दिवस त्यांनी विचारलं, "झोपतो किती?"

मी म्हटलं, "झोपतोय कुठे! दिवसभर नुसता धिंगाणा."

"झोपत नाही की झोपू देत नाही?"

खरं होतं. आमच्याकडे गराडूचं दर्शन सुरू असायचं. इंदूरच्या लोकांना कुणाकडे नवीन काही आलं की बघायला जायचंच असतं, आणि जाताना हातात कचोरीचा पुडा. दाराची बेल वाजली की पिल्लू उठलं. कुणी उचलून घेतलं, कुणी गाल ओढले, कुणी फोटो काढले. काकांनी एक संध्याकाळ नुसती बघितली आणि मग दारात जाऊन उभे राहिले. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ कचोऱ्या घेऊन आले तर यांनी कचोऱ्या आत घेतल्या आणि माणूस बाहेर ठेवला. "भिया, बच्चा झोपला आहे. रविवारी या, दहा मिनिटं." मी शरमेनं अर्धी झाले. पण चार दिवस तसं केल्यावर संध्याकाळचा तो पिसाळल्यासारखा धुमाकूळ निम्म्यावर आला. दमलेलं पोर किरकिर करतं तसं दमलेलं पिल्लू चावतं, एवढं साधं होतं ते. मी एका पोरीची आई, मला हे कळू नये? स्वतःचाच राग आला.

आता काकांच्या डाव्या हाताचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपलं.

काका सगळं डाव्या हातानं करायचे. खाऊ डावा, दोरी डावी, गळ्याचा पट्टा डावा. उजवा खिशात. आम्ही काय समजणार? आम्हाला वाटलं हीच युक्ती! आम्ही बघून बघून शिकणारी माणसं. ओवीच्या फ्रॉकला खिसा नव्हता तर तिने माझ्याकडून शिवून घेतला. नवरा गराडू समोर आला की उजवा हात खिशात घालून लग्नातल्या फोटोला उभा राहिल्यासारखा उभा. महिनाभर आमचं घर डावखुरं झालं होतं.

मग सांगलीहून सासूबाई आल्या. त्यांनी मला डाव्या हातानं पोळीचा तुकडा देताना बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, मुक्या जिवाला डाव्या हातानं घालतेस? तुझ्या माहेरी असंच वाढतात का?" मी म्हटलं, आई, काकांची पद्धत आहे. त्यांनी सरळ काकांनाच गाठलं. "का हो, उजव्या हातानं दिलं तर काय होतं?"

काका चालता चालता थबकले. मी तेव्हा काही समजले नाही, पण आज तो चेहरा आठवतो. खिशातला हात त्यांनी आणखी आत खुपसला आणि म्हणाले, "नाही आजीजी, असंच असतं. डावा हात शांत असतो."

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी त्या देवाला नमस्कार करून, "माफ कर बाबा," म्हणत डाव्या हातानं गराडूला भाकरी द्यायला लागल्या.

गराडू पाच महिन्यांचा झाला. दुधाचे दात पडून नवे, मोठे आले. एका शनिवारी दुपारी काका आमच्या हॉलमध्ये फेऱ्या मारत होते आणि त्यांचा मोबाईल वाजला. मोबाईल नेमका उजव्या खिशात. बोलण्याच्या नादात त्यांनी हात बाहेर काढला, मोबाईल कमरेजवळ धरूनच फोन उचलला. हात थडथड हलत होता. मी पहिल्यांदा बघितला. गराडूनेही पहिल्यांदाच बघितला. त्याने उडी मारली आणि अंगठ्याच्या बुडात दात रोवले.

काकांनी हात ओढला नाही. ओरडलेही नाहीत. ते खांब झाले. सगळे इंगळेकाका खांब झाले होते, एक तो हात सोडून. तो काही केल्या थांबेना, आणि थांबेना म्हणून गराडू सोडेना. फरशीवर रक्ताचे थेंब पडायला लागले. शेवटी ओवीने जीन्सची वेणी आणून जमिनीवर सरपटत सोडली, तेव्हा कुठे तो सुटला.

"नळ," काका म्हणाले. "साबण. पंधरा मिनिटं धुवायचं, मग डॉक्टर. त्याची इंजेक्शनं झालीत, तरी माझं पण करायचं." खाली पडलेल्या मोबाईलमधून वैशालीचा आवाज येत होता, "बाबा? बाबा, काय झालं?" फोन चालूच होता. तिने सगळं ऐकलं होतं.

दवाखान्यात इंजेक्शन आणि पट्टी झाल्यावर बाकावर त्यांनी मला सांगितलं. किती महिन्यांपासून हात हलतोय, कुणाकुणाला सांगितलं नाही, सगळं. "गराडूची चूक नाही मॅडमजी. त्यानं उजवा हात कधी पाहिलाच नव्हता. ज्याची सवय लावायची, तेच मी लपवलं. तुमच्याकडून पण लपवायला लावलं. ती ट्रिक नव्हती. मी झूठ बोललो."

मला इतका राग आला! त्यांच्या हाताची दया यायला हवी होती, पण आधी राग आला. म्हटलं, "आणि आमच्या सासूबाई रोज देवाची माफी मागतायत, त्याचं काय?" ते हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही रडू आलं.

वैशाली तीन-चार तासांत भोपाळहून पोचली. माझ्यापेक्षा थोडी मोठी, थकलेली. मी गराडूच्या वतीने काहीतरी पुटपुटायला लागले तर म्हणाली, "तुमच्या कुत्र्याला दुसरं कुणीतरी मिळेल हो. मला बाप एकच आहे." पुढच्या रविवारी घेऊन जाते, असं सांगून ती गेली.

ते आठ दिवस काका रोज आले. "अर्धं शिकवून जाणार नाही," एवढंच म्हणाले. आता त्यांना बसणं भाग होतं, कारण काम जमिनीवरचं होतं. चटईवर बसायचे, पट्टी बांधलेला हात उघडा गुडघ्यावर ठेवायचे आणि तो हलू द्यायचे. गराडू समोरच्या भिंतीला लांब पट्ट्यानं बांधलेला, शेजारी ओवी. त्याने हाताकडे बघून उडी मारली नाही की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मारली की सगळे खांब. रोज त्याला दोन फरश्या पुढे आणायचं. बुधवारी त्याने अशी झेप घेतली की पट्ट्याला हिसका बसून तो उलटा पडला, आणि काका म्हणाले, "उद्या तीन फरश्या मागे." मला घड्याळ दिसत होतं, रविवार दिसत होता. त्यांचे पाय चटईवरसुद्धा हलत होते, पण घाई एका फरशीचीही केली नाही. सासूबाई लांबून बघायच्या. शुक्रवारी त्यांनी उजव्या हातानं गराडूला भाकरी दिली आणि काकांना म्हणाल्या, "आधी बोलला असतात तर काही बिघडलं असतं का?" काका म्हणाले, "चुकलंच, आजीजी."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या रविवारी, चार वाजता. खाली टॅक्सी उभी होती. वैशाली दारातच थांबली, खांद्याला पर्स, पायात चपला तशाच. "बाबा, चला."

"पाच मिनिटं," काका म्हणाले आणि चटईवर बसून त्यांनी ओवीला खूण केली. ओवीने गराडूचा पट्टा सोडला.

"बाबा, पट्टा!" वैशाली ओरडली.

"हलू नकोस बेटा. तिथेच राहा."

गराडू आला. मान तिरकी करून त्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिला. मग तोंड उघडून त्याने बोटं तोंडात घेतली. वैशालीने चौकट घट्ट धरली. बोटं त्याच्या दातांत हलत होती, मला ती हलताना दिसत होती, आणि काका तसेच बसून होते. गराडूने तोंड मिटलं नाही. बोटं सोडून दिली, पट्टी हुंगली, हाताचा मागचा भाग एकदा चाटला, आणि मोठा सुस्कारा टाकून त्या हातावर हनुवटी ठेवून आडवा झाला. हाताबरोबर त्याचं डोकंही हलत होतं. थोड्या वेळाने तो तसाच झोपला.

टॅक्सीवाल्याचा फोन आला, वैशालीने तो बंद केला. मग तिने चपला काढल्या, आत आली आणि बापापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. बराच वेळ त्या हाताकडे बघत होती. तो तिनेही इतका जवळून, इतका वेळ पहिल्यांदाच बघितला असावा.

नंतर माझ्याकडे वळून तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "भोपाळला पिल्लू आणायचं झालं, तर आईपासून कितव्या दिवशी आणतात हो?"

मला कुठे माहीत! मी काकांकडे बघितलं. ते डोळे मिटून बसले होते.

"साठ दिवस होऊ दे त्याला," ते डोळे न उघडताच म्हणाले. "तोपर्यंत भावंडांत राहू दे, दात किती लावायचे ते तिथेच शिकतो. आणि तू एकटी जाऊन उचलून आणू नकोस, तुझ्याबरोबर मी येईन बघायला."